अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार: कल्चरच्या आधी पीएच पट्टी आणि ओली स्लाइड

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलं असून बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी छोटी लॅब चालवते. अंगावरून पांढरं जातं, वास येतो, खाज येते म्हणून बाया येतात. चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘एचव्हीएस कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी’ (योनीतला स्वॉब घेऊन त्यातले जंतू प्लेटवर वाढवा आणि कुठलं अँटिबायोटिक चालतं ते बघा) एवढंच असतं. तीन दिवसांनी ‘ई. कोलाय’ नाहीतर ‘नॉर्मल फ्लोरा’ असा रिपोर्ट जातो, इंजेक्शनं होतात आणि महिन्या-दोन महिन्यांत तीच बाई परत दारात. मायक्रोस्कोप, इनक्युबेटर, ग्रॅम स्टेनचं (जंतू रंगवून बघायचं) सामान सगळं आहे. मग माझं कुठं चुकतंय?”

ताई, तुमच्या हातात चूक नाही, क्रमात आहे. या तक्रारीत कल्चर सगळ्यात शेवटी यायला हवं आणि तुमच्याकडे ते सगळ्यात आधी होतंय. ज्या दोन गोष्टींतून खरं उत्तर मिळतं, पीएच पट्टी (आंबटपणा मोजणारी) आणि दहा मिनिटांच्या आत पाहिलेली ओली स्लाइड (न वाळवता, न रंगवता थेंबातच बघायची), त्या चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही म्हणून होतही नाहीत.

मूल होण्याच्या वयात या तक्रारीमागे मुख्यतः तीन आजार असतात: बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणजे बीव्ही, कँडिडाची बुरशी आणि ट्रायकोमोनास हा परजीवी. यातला बीव्ही सगळ्यात जास्त दिसतो. तो एका जंतूमुळे होणारा आजार नव्हेच. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे लांबट जंतू लॅक्टिक आम्ल तयार करून जागा आंबट ठेवतात. ते कमी झाले की गार्डनरेला, प्रीव्होटेला, मोबिलंकस अशा बऱ्याच जंतूंचं एकदम फावतं. यातल्या बहुतेकांना हवा सोसत नाही, त्यामुळे तुमच्या ब्लड अगर आणि मॅकॉन्कीच्या प्लेटवर, साध्या इनक्युबेटरमध्ये, ते उगवत नाहीत. उगवतो तो ई. कोलाय, कारण गुदद्वार शेजारीच आहे आणि त्याला कुठंही वाढायला आवडतं. म्हणजे प्लेटवर जो दिसतो तो बहुतेक वेळा निर्दोष असतो, आणि जो दोषी असतो तो प्लेटवर येतच नाही. गार्डनरेला मुद्दाम वाढवला तरी उपयोग नाही; कसलाही त्रास नसलेल्या कितीतरी बायांमध्ये तो सापडतो.

रिपोर्टमध्ये ई. कोलाय लिहून खाली पंधरा अँटिबायोटिक्सची यादी दिली की समोरचा डॉक्टर त्यातलं एखादं उचलणारच. त्या इंजेक्शनांनी उरलेसुरले लॅक्टोबॅसिलस मरतात, बुरशीला मोकळं रान मिळतं आणि वास होता तिथं आता खाजही सुरू होते. बाई परत येते ती अशी.

आता नमुन्यापासून सुरुवात करू. अर्धे रिपोर्ट इथंच बिघडतात. पाळी चालू असताना नमुना घेऊ नका. आदल्या २४ तासांत संबंध आलेला नसावा. वीर्य अल्कधर्मी असतं आणि पीएच वर चढवतं. तीन दिवसांत योनीत गोळी किंवा मलम ठेवलेलं नसावं. आतून धुण्याबद्दल मोकळेपणानं विचारा: तुरटीचं पाणी, लिंबू, कडुनिंबाचा पाला उकळलेलं पाणी, डेटॉल, आपल्याकडे सगळं चालतं, आणि “धुता का?” असं मोघम विचारलं तर उत्तर “नाही” येतं. “तुरटीनं धुता का, डेटॉलनं धुता का?” असं नाव घेऊन विचारलं तरच कळतं. सरकारी दवाखान्यातून हिरवं किट मिळालं होतं का, तेही विचारा. त्या किट-२ मध्ये सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम असा एकदाच घ्यायचा डोस असतो. तो नुकताच पोटात गेला असेल तर स्लाइड अर्धवट सुधारलेली दिसते, त्यामुळे रिपोर्टवर त्याची नोंद हवी.

स्पेक्युलम (योनी उघडून बघायचं साधन) घालून नमुना घेणं हे डॉक्टरांचं किंवा सिस्टरचं काम, तुमचं नाही. पण त्यांना दोन गोष्टी जरूर सांगा. जेली लावू नका, कोमट पाण्यानं ओला करा. आणि स्वॉब बाजूच्या भिंतीवरून घ्या, गर्भाशयाच्या तोंडावरून नको. तिथला चिकट स्राव पीएच सातच्या आसपास दाखवतो आणि धडधाकट बाई पट्टीवर आजारी ठरते. पाण्याचंही बघायला हवं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं. जिथं ते लागलं तिथून पीएच घेतला तर पट्टी पाण्याचा पीएच सांगेल. त्याच बैठकीत व्हीआयए तपासणी (ॲसेटिक ॲसिड लावून गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर शोधणं) करायची असेल तर सगळे स्वॉब आधी आणि ॲसेटिक ॲसिड नंतर. उलटं झालं तर पट्टीवर भरवसा ठेवता येत नाही.

लग्न न झालेल्या मुलीला स्पेक्युलम घालत नाहीत. तिला, आणि जी आतून तपासून घ्यायला लाजते तिलाही, स्वतः स्वॉब घेता येतो. हात धुवायचे, स्वॉब दीड-दोन इंच आत सरकवायचा, भिंतीला टेकवून १० ते ३० सेकंद गोल फिरवायचा आणि टोकाला बोट न लावता नळीत टाकायचा. पीएच, ग्रॅम स्टेन, बुरशीचं कल्चर आणि पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) या सगळ्यांना असा नमुना चालतो. लॅबमध्ये एक पडदा आणि कडीचं दार असलं की पुरे.

स्वॉब दोन घ्या, शक्य झाल्यास तीन. पहिल्याचा मान पीएच पट्टीचा: कोरडा स्वॉब थेट पट्टीवर टेकवा, मग तोच ओल्या स्लाइडसाठी वापरा. सलाइनमध्ये बुडवलेला स्वॉब पट्टीला कधीच लावू नका. बाटलीतल्या नॉर्मल सलाइनचा स्वतःचा पीएच काही ठरावीक नसतो. दुसऱ्या स्वॉबनं ग्रॅम स्टेनसाठी स्लाइडवर पातळ थर द्या, स्वॉब घासू नका, गोल फिरवत पुढं न्या. तिसरा बुरशीच्या कल्चरची वेळ आली तरच.

पट्टी १ ते १४ आकड्यांची घेऊ नका. तिच्यावर ४ आणि ५ मधला फरक डोळ्याला दिसत नाही, आणि आपला सगळा निकाल त्या फरकावरच ठरतो. ४ ते ७ किंवा त्याहून अरुंद टप्प्याची पट्टी मागवा. निरोगी योनीचा पीएच ३.८ ते ४.५. बुरशीच्या आजारात तो बहुधा याच टप्प्यात राहतो. बीव्हीमध्ये ४.५ च्या वर जातो, ट्रायकोमोनासमध्येही वर जातो आणि कधी कधी ६ ओलांडतो. म्हणजे एका पट्टीनं पहिली वाटणी झाली: खाज आहे, दह्यासारखे गोळे पडतात आणि पीएच ४ आहे, तर बुरशी शोधा, पाण्यासारखं पातळ जातं, वास आहे आणि पीएच ५.५ आहे, तर बीव्ही किंवा ट्रायकोमोनास. ही वाटणी शंभर टक्के नसते. दोन आजार एकत्र असू शकतात, त्यामुळे पीएच वाढलेला दिसला तरी केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) थेंब बघायचाच.

दोन ठिकाणी पट्टी फसवते. पाळी गेलेल्या बाईत इस्ट्रोजेन कमी झाल्यानं पीएच मुळातच ४.५ च्या वर असतो. तिला केवळ पट्टीवरून बीव्ही म्हणू नका. आणि गरोदर बाई “पाणी पाणी जातंय” म्हणत आली आणि पट्टी ७ दाखवतेय, तर ते गर्भजल असू शकतं. अशा वेळी स्लाइडसाठी थांबू नका, तिला ताबडतोब प्रसूतीच्या दवाखान्यात पाठवा.

ओली स्लाइड. एकाच स्लाइडच्या डाव्या टोकाला नॉर्मल सलाइनचा थेंब, उजव्या टोकाला १० टक्के केओएचचा. स्वॉब आधी सलाइनमध्ये फिरवा, मग केओएचमध्ये. हा क्रम उलटा केला तर केओएचचा अंश सलाइनमध्ये जातो आणि ट्रायकोमोनास जागेवरच मरतो. केओएचमध्ये स्वॉब फिरवताच हातानं वारा घेऊन वास घ्या, नाक स्लाइडवर नेऊ नका. बीव्हीमध्ये अमाइन नावाची द्रव्यं मोकळी होतात आणि क्षणभर मासळीसारखा वास येतो. तो लगेच उडून जातो, त्यामुळे कव्हरस्लिप लावून झाल्यावर हुंगण्यात अर्थ नाही. इथं एक अडचण पुस्तकात सापडत नाही: शाकाहारी घरात वाढलेल्या टेक्निशियनला मासळीचा वास ओळखूच येत नाही. आठवडी बाजारात सुकट-बोंबलाच्या पालासमोर मिनिटभर उभं राहा, कायमचा लक्षात राहील. ट्रायकोमोनासमध्येही ही चाचणी कधी कधी पॉझिटिव्ह येते.

कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळूच सोडा, बुडबुडे राहणार नाहीत. आधी १० च्या लेन्सनं सगळी स्लाइड फिरा, मग ४० ची लावा. कंडेन्सर खाली, डायफ्रॅम अर्धा बंद. लख्ख उजेडात ओल्या स्लाइडवर काहीच दिसत नाही, आणि नवीन मुलांच्या हातून सगळ्यात जास्त निसटतं ते याच कारणानं. किमान दहा फील्ड पाहा.

डाव्या बाजूला पहिल्यांदा हालचाल शोधा. ट्रायकोमोनास नासपतीच्या आकाराचा, पांढऱ्या पेशीएवढा किंवा थोडा मोठा असतो, आणि झटके देत, अडखळत पुढं जातो. त्याची ओळख त्या चालीत आहे. मेला की तो गोल होतो आणि पस सेलपासून (पुवातली पांढरी पेशी) वेगळा काढता येत नाही, म्हणून न हलणाऱ्या गोल पेशीवर ट्रायकोमोनास लिहायचं नाही. नमुना घेतल्यापासून दहा मिनिटांत पाहिलं तर ठीक. तासाभरात बरेच जीव थंड होतात. आपल्या हवेत यात आणखी दोन भानगडी. मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेल्या स्लाइडच्या कडा दोन-तीन मिनिटांत वाळतात, तेव्हा पंखा बंद करा आणि कव्हरस्लिपच्या कडांना व्हॅसलीनची बारीक रेघ ओढा. डिसेंबरच्या सकाळी उलटं होतं, जीव गारठून थांबतो. तळहातावर मिनिटभर स्लाइड धरली की पुन्हा हलायला लागतो. स्वॉब फ्रिजमध्ये तर कधीच नको. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे असेल तर स्वॉब अर्धा मिली सलाइनच्या नळीत टाकून शर्टाच्या खिशातून आणायला सांगा, अंगाची ऊब पुरते.

इतकं सगळं नीट केलं तरी ओल्या स्लाइडवर ट्रायकोमोनास असलेल्या बायांपैकी साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश जणीच सापडतात. म्हणून “ट्रायकोमोनास नाही” असं लिहू नका, “दिसला नाही” असं लिहा. पीएच ६, पस सेल भरपूर, क्लू सेल (बीव्हीची खूण, पुढं सांगितली आहे) नाहीत आणि परजीवीही दिसत नाही, अशा वेळी संभाजीनगर किंवा लातूरच्या मोठ्या लॅबमार्फत ट्रायकोमोनासची पीसीआर करण्यासारखी आहे. तिथं खर्च सत्कारणी लागतो. पण “योनीतील सर्व जंतूंचं पीसीआर पॅनेल” म्हणून जे येतं त्यात गार्डनरेला पॉझिटिव्ह आला म्हणजे बीव्ही झाला असं नाही. तिथंही कल्चरवाली तीच फसगत आहे, फक्त महाग.

त्यानंतर क्लू सेल. योनीच्या भिंतीची पेशी मोठी, चपटी, कोपरे असलेली असते आणि निरोगी असेल तर तिची कड पेन्सिलनं आखल्यासारखी स्वच्छ दिसते. बीव्हीमध्ये बारीक जंतू तिच्यावर इतके चिकटतात की ती रवाळ दिसते आणि कड विरघळल्यासारखी, केसाळ होते. कड गेली तरच क्लू सेल. मधोमध ठिपके आहेत पण कड साफ दिसतेय, तर ती जुनी झालेली पेशी असेल किंवा तिच्यावर चार लॅक्टोबॅसिलस बसलेले असतील. मग मोजा. शंभर पेशींत वीस किंवा त्याहून जास्त क्लू सेल असतील तर पॉझिटिव्ह. एखाद-दुसरी दिसली म्हणून “क्लू सेल्स प्रेझेंट” लिहिणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. आजूबाजूलाही बघा: बीव्हीच्या स्लाइडवर पस सेल सहसा तुरळक असतात. प्रत्येक पेशीमागे एकापेक्षा जास्त पस सेल दिसत असतील तर ट्रायकोमोनास किंवा गर्भाशयाच्या तोंडाची सूज डोक्यात ठेवा.

१९८३ साली अ‍ॅम्सेल आणि सहकाऱ्यांनी मांडलेले निकष आजही तेच आहेत: पातळ, एकसारखा राखाडी-पांढरा स्राव. पीएच ४.५ पेक्षा जास्त. केओएच टाकल्यावर वास. २० टक्के क्लू सेल. चारपैकी तीन जुळले की बीव्ही. यातला पहिला निकष तपासणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहायचा असतो. बाकी तीन तुमच्या टेबलावर पंधरा मिनिटांत होतात.

उजव्या बाजूचा केओएचचा थेंब पाच ते दहा मिनिटं तसाच राहू द्या, किंवा काडीच्या ज्योतीवरून एकदा हलकेच फिरवा. उकळी आली तर स्लाइड गेली. केओएच पेशी, पस सेल आणि तांबड्या पेशी विरघळवतं, बुरशी तशीच राहते. अंकुर फुटलेले यीस्ट आणि वेताच्या कांड्यांसारख्या जोडलेल्या लांब तारा दिसल्या तर कँडिडा. तारा नसून नुसते बारीक अंकुरित यीस्ट असतील तर ग्लॅब्राटा (कँडिडाची एक जात) असू शकतो, आणि त्याला फ्लुकोनाझोल बऱ्याचदा दाद देत नाही. स्वॉबचा कापसाचा धागा हा इथला सराईत तोतया. धागा जाड, चकचकीत, दोन्ही कडा समांतर आणि आत गाठी नसलेला. बुरशीच्या तारेला ठरावीक अंतरावर आवळलेल्या जागा आणि बाजूला कळ्या असतात.

केओएच घरी करायचं तर १० ग्रॅम गोळ्या आणि डिस्टिल्ड पाणी मिळून १०० मिली. गोळ्या पाण्यात टाकायच्या, एकेक करून, कारण भांडं तापतं. बाटली प्लास्टिकची, झाकण घट्ट. काचेच्या बुचाची बाटली वापरली तर बूच महिनाभरात जाम होतं. उघडी राहिलेली बाटली हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कमजोर होते. पेशी विरघळायला वीस मिनिटं लागायला लागली की नवीन करा.

ओल्या स्लाइडवर शंका राहिली, किंवा डॉक्टरांना ठाम आकडा हवा असेल, तर ग्रॅम स्टेन आणि न्यूजंट स्कोअर. ही पद्धत १९९१ ची. ऑइल इमर्शनखाली, म्हणजे १००० पट मोठं करून, आठ-दहा फील्ड बघायचे आणि सरासरी काढायची. लॅक्टोबॅसिलस म्हणजे मोठे जांभळे दांडके: फील्डमागे ३० पेक्षा जास्त असतील तर ० गुण, ५ ते ३० ला १, १ ते ४ ला २, एकाहून कमीला ३, अजिबात नसतील तर ४. गार्डनरेलासारखे बारीक, कुठं जांभळे कुठं गुलाबी दिसणारे दांडके बरोबर उलट्या हिशेबानं: नसतील तर ०, ३० पेक्षा जास्त असतील तर ४. मोबिलंकससारखे वाकडे, स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू: नसतील तर ०, फील्डमागे चारपर्यंत असतील तर १, पाच किंवा जास्त असतील तर २. बेरीज ० ते ३ सामान्य, ४ ते ६ मधलं, ७ ते १० बीव्ही. समजा एका स्लाइडवर फील्डमागे दोन-तीन लॅक्टोबॅसिलस, बारीक दांडक्यांची नुसती वाळू आणि एखाददुसरा वाकडा. गुण २, ४ आणि १, बेरीज ७. बीव्ही.

या स्कोअरची नाडी रंग उतरवण्याच्या पायरीत आहे. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, मग ॲसिटोन-अल्कोहोल मोजून काही सेकंद, जांभळं पाणी गळायचं थांबेपर्यंतच, लगेच पाणी, आणि सॅफ्रॅनिन अर्धा ते एक मिनिट. ॲसिटोन जास्त झालं की लॅक्टोबॅसिलस गुलाबी पडतात, तुम्ही त्यांना गार्डनरेला म्हणून मोजता आणि धडधाकट बाईचा स्कोअर ७ वर जातो. थर जाड असेल तर उलट सगळंच जांभळं राहतं. म्हणून प्रत्येक बॅचला एका वेगळ्या स्लाइडवर माहितीतला स्टॅफिलोकोकस आणि ई. कोलाय रंगवा, पहिला जांभळा आणि दुसरा गुलाबी आला तरच बाकीच्या स्लाइड वाचायच्या. तुमच्या कल्चरमधल्या ई. कोलायला इथं तरी काम मिळेल! शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्यानं करा. बोअरच्या पाण्याचे क्षार वाळून ऑइलखाली अगदी जंतूंसारखे चमकतात.

सुकलेल्या स्लाइडचा मोठा फायदा म्हणजे ती टिकते. हवेत वाळवून, हलकी गरम करून, कागदात गुंडाळून ती अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात दुसऱ्या मतासाठी आठ दिवसांनी गेली तरी तेच सांगेल. एसटीच्या पार्सलनं उन्हात पाठवलेला कोरडा स्वॉब मात्र पोहोचेपर्यंत कापूसच उरतो.

मग कल्चर कधी? बुरशी वर्षातून तीन किंवा जास्त वेळा उलटली, औषधानं हटली नाही, किंवा लक्षणं पक्की बुरशीची असून केओएच कोरा निघाला तेव्हा. सॅबरॉ डेक्स्ट्रोज अगर, शक्यतो क्लोरॅम्फेनिकॉल घातलेला, ३७ अंशांवर ४८ तास. वाढ मिळाली तर मानवी सीरमच्या अर्धा मिलीमध्ये एक सूक्ष्म ठिपका टाकून ३७ अंशांवर दोन ते तीन तास ठेवा. बुडाशी न आवळलेली सरळ नळी फुटली तर बहुधा अल्बिकन्स (कँडिडाची नेहमीची जात). तीन तासांनंतर वाचू नका, तेव्हा दुसऱ्या जातीही तारा काढायला लागतात. आणि इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीत ४२ अंश असताना त्याचा काटा ३७ वर उभा आहे असं समजू नका. आत थर्मामीटर ठेवून रोज लिहा. लाइट गेल्याचे तासही लिहा. आणखी एक: त्रास नसलेल्या साधारण १० ते २० टक्के बायांमध्ये कँडिडा सापडतो, तेव्हा खाज नाही, लाली नाही अशा बाईच्या प्लेटवरची बुरशी हा आजार नव्हे. वारंवार बुरशी होणाऱ्या बाईची साखर मात्र तपासाच.

बाळंतपणानंतर, गर्भपातानंतर किंवा ऑपरेशननंतर ताप येऊन घाण वासाचं जात असेल तर साधं कल्चर हवंच, तिथं ई. कोलायला अर्थ आहे. तो वेगळा आणि गंभीर आजार, आणि अशी बाई लॅबमध्ये थांबायची नसते.

लघवीच्या रिपोर्टबद्दलही सांगतो. पांढरं जाणाऱ्या बाईच्या लघवीत तो स्राव मिसळतो आणि “पस सेल १५-२०” येतात. जळजळ नसताना त्यावर लघवीच्या जंतुसंसर्गाचं औषध सुरू होतं. पुसून, पहिली धार सोडून, मधली धार घ्यायला सांगा. पॅप स्मिअरमध्ये “बीव्हीसदृश जंतूंचा बदल” असं लिहून आलं तर तो नुसता इशारा, निदान नाही.

तुम्ही काय लिहून देता यावर आपल्या भागात बरंच काही ठरतं. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कारणं प्रत्येकीची वेगळी, पण अंगावरून पांढरं जाणं ही त्यातली नेहमीची तक्रार. “पस सेल प्लेंटी, ई. कोलाय ग्रोन” हा रिपोर्ट आणि सोनोग्राफीतलं “पिशवीला सूज” असे दोन कागद एकत्र आले की बाईला कॅन्सरची भीती घालायला तेवढं पुरतं. बीव्ही, बुरशी आणि ट्रायकोमोनास हे तिन्ही योनीचे आजार आहेत, गोळ्यांनी जाणारे. पिशवी काढून त्यातला एकही बरा होत नाही.

म्हणून रिपोर्ट असा लिहा: “पीएच ५.२. केओएच टाकल्यावर वास आला. ओली स्लाइड नमुना घेतल्यापासून ६ मिनिटांत पाहिली: क्लू सेल सुमारे ४० टक्के, पस सेल तुरळक, ट्रायकोमोनास दिसला नाही, यीस्ट नाही. न्यूजंट स्कोअर ८. बॅक्टेरियल व्हजायनोसिसशी जुळणारं चित्र.” कल्चर केलंच असेल आणि ई. कोलाय आला असेल तर “बहुधा शेजारच्या भागातून मिसळलेला, योनीदाहाचं कारण नव्हे” असा शेरा मारून सेन्सिटिव्हिटीची यादी देऊच नका. सगळं ठीक असेल तर “सामान्य” असं स्पष्ट लिहायला कचरू नका. पाळीच्या मधल्या दिवसांत आणि गरोदरपणात बिनवासाचं, बिनखाजेचं पांढरं जाणं हा शरीराचा नेम आहे.

औषध लिहिणं डॉक्टरांचं काम, पण निकाल सांगताना ज्या गोष्टी तुमच्या तोंडून याव्यात त्या अशा. ट्रायकोमोनास निघाला तर नवऱ्यालाही एकाच वेळी औषध लागतं, त्याला काही त्रास नसला तरी. आणि दोघांची एचआयव्ही व सिफिलिसची तपासणी व्हावी. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकात (लैंगिक आजारांचं सरकारी क्लिनिक) आणि आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्र) ती मोफत होते. बुरशी निघाली आणि बाई गरोदर असेल तर फ्लुकोनाझोलची गोळी चालत नाही, योनीत ठेवायची क्लोट्रिमाझोल देतात. चिठ्ठीवर “गरोदर” लिहिलेलं नसेल तर फोन करून डॉक्टरांच्या कानावर घाला. बीव्ही उलटतो, वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना, आणि तो तपासणीचा दोष नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात नवऱ्यालाही गोळ्या आणि मलम दिल्यावर तीन महिन्यांत उलटण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं, तेव्हा वारंवार उलटणाऱ्या बाईच्या डॉक्टरांना हे विचारायला हरकत नाही. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर रक्त जाणं, ओटीपोटात दुखून ताप, योनीमार्गावर जखम: यातलं काहीही असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, मग स्लाइड.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं गणित वेगळं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. तीन दिवसांनी या म्हटलेली बाई तोवर साताऱ्याच्या नाहीतर कोल्हापूरच्या फडात असते. तिचा पीएच आणि ओली स्लाइड ती बाकावर बसलेली असतानाच वाचा, निकाल मराठीत लिहून तिच्या हातात द्या आणि वाळवलेली ग्रॅमची स्लाइड नाव-तारीख कोरून तुमच्या पेटीत ठेवा, म्हणजे ती परतल्यावर नव्या स्लाइडशेजारी लावून बघता येईल.